रिव्हर्समध्ये नापास

माझ्या वहिनीला गाडी मागे घेता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गोष्टीच्या शेवटी ती शिकते की काय अशी आशा कुणी धरायला नको. पुढे मात्र ती अशी चालवते, की मागच्या सीटवर बसून खुशाल डाळिंब सोलावं.

मी श्यामला. वहिनीचा नवरा दामोदर हा माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणते. इंदिरानगरातल्या आमच्या घरात खाली ती दोघं राहतात आणि वर मी. घर बांधलं तेव्हा समोरच्या मोकळ्या जागेत रात्रभर बेडूक ओरडायचे. आता तिथं पब आहे, आणि बेडूक परवडले असं वाटतं. मी लग्न केलं नाही, मुलींच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आणि निवृत्त झाले. भावाच्या संसारात नाक खुपसायचं नाही असं ठरवूनच वरच्या मजल्यावर राहिले, पण जिना आतूनच होता.

वहिनीचं नाव प्रेमा. साताऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता. वर्ष सरायच्या आत ती भाजीवाल्या अक्काशी ‘स्वल्प कम्मी माडी’, म्हणजे थोडं कमी करा, म्हणत हुज्जत घालायला लागली आणि अक्काच तिला वचकून राहायला लागली. घाबरणं हे काम आमच्या घरात अण्णाकडे होतं.

अण्णा विमानाची इंजिनं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होता. आलेला भाग मोजायचा, ठोकून ऐकायचा, भिंगातून बघायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. ते काम त्यानं मन लावून केलं याचा मला अभिमान आहे. पण कारखाना सुटला की ते सुटत नसे. लोणच्याच्या बरण्या तो उलट्या करून बघायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाला त्यानं बल्ब बदलायला लावला. मुलानं बदलला, पण होल्डर सैल आहे हे काही त्याच्या लक्षात आलं नाही, म्हणून अण्णानं ते स्थळ नाकारलं. मला वाईट वाटलं नाही, पण विचारायला हवं होतं.

मग त्यानं हौसेनं जुनी फियाट घेतली. ती त्याच्या हातात कधी कुठं पोचलीच नाही. थोडं अंतर गेलं की तो कान टवकारायचा. ‘मागून आवाज येतोय,’ म्हणायचा, गाडी कडेला घ्यायचा आणि बॉनेट उघडायचा. एकदा आम्ही नंदी हिल्सला निघालो होतो. देवनहळ्ळीच्या किल्ल्यापाशी जेवणाचे डबे उघडले आणि तिथूनच परत आलो, कारण दुपार झाली तरी आवाज सापडला नव्हता. तो आवाज डिकीतल्या रिकाम्या स्टीलच्या डब्याचा होता. वहिनीला ते ठाऊक होतं, तिनं सांगितलंही होतं. पण तपासणी चालू असताना मध्ये बोललेलं अण्णाला खपत नसे.

पुढच्या सोमवारी वहिनीनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. कुणाला विचारलं नाही. लायसन हातात पडलं त्या दिवशी ती सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, आणि अण्णा शेजारी जाऊन बसला. मला वाटतं, मनातून त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं.

तेव्हापासून या घरातल्या प्रत्येकाला तिनं पोचवलं आहे. अण्णाला कारखान्यात, मला कॉलेजात, तिच्या मुलाला, मकरंदला, शाळेत. लग्नसराईत अर्ध्या मराठी मंडळाच्या बायकांना चिकपेटेत साड्या घ्यायला नेणारी तीच. आमच्या वडिलांना शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एवढे खड्डे, एवढी गर्दी, पण त्यांना एकही धक्का बसला नाही. ‘ही बरी चालवते,’ ते म्हणाले. कुणाचं म्हणून त्यांनी कधी कौतुक केलं नव्हतं. त्या दिवसापासून वहिनीच्या गाडी चालवण्याला कुणी नाव ठेवलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मागे घेण्याचं तेवढं तिला जमलं नाही. गरज पडली तर ती रस्ता धरून अख्खी चक्कर मारून पुन्हा समोरून येते. ‘पेट्रोल जळतं, पण अब्रू वाचते,’ असं तिचं म्हणणं.

अण्णा निवृत्त झाल्यावर मोठा टीव्ही आला. त्याला एक नाद लागला. ऑस्ट्रेलियातली म्हातारी जोडपी मोठ्या गाडीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून लाल मातीच्या ओसाड मुलखातून महिनोन् महिने फिरतात, त्याचे व्हिडिओ तो बघत बसायचा. वहिनी शेजारी गवार मोडत बसायची. एके दिवशी तिनं विचारलं, “यातल्या बायका कधीच चालवत नाहीत का हो?”

अण्णानं नीट बघितलं. खरंच, बायका शेजारी बसून नकाशा धरायच्या नाहीतर सँडविच द्यायच्या.

“मी चालवीन,” वहिनी म्हणाली आणि गवार घेऊन आत गेली.

तेवढ्यानं ठरलं. दक्षिणेच्या ॲडलेडपासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत, अख्खा देश मधोमध चिरत जाणारा रस्ता. तिथंही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात हे कळल्यावर ती म्हणाली, “मग राहिलं काय?” व्हिसा झाला, तिकिटं झाली, कॅरव्हॅन भाड्यानं ठरली.

आणि मग तो खांब मध्ये आला.

मकरंद सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्जापूर रोडला उंच इमारतींच्या एका वसाहतीत तो आणि त्याची बायको अमृता राहतात. ती पुण्याची. गणपतीच्या दिवसांत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये चक्कर मारायला जागाच नव्हती. वहिनीनं गाडी मागे घेतली आणि खांबावर घातली. खांबाला काही झालं नाही. गाडीचा मागचा दिवा फुटला आणि वर जाणारी दोन-तीन बिऱ्हाडं ताटं हातात घेऊन बघत उभी राहिली.

मकरंदची अब्रू गेली. जेवणं झाल्यावर त्यानं विषय काढला. “आई, आता पुरे. तुला हवं तिथं न्यायला मी ड्रायव्हर लावून देतो. आणि ऑस्ट्रेलियात बाबांना घेऊन एवढं धूड ओढत तू कशी जाणार आहेस? तिथं वाटेत चिटपाखरू नसतं. काही झालं तर?”

मुलगा वाईट नाही. काळजीनं बोलत होता. पण मला त्या क्षणी कळलं, की ऑस्ट्रेलिया हे निमित्त आहे आणि खरा प्रश्न किल्लीचा आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका मी बघितल्या आहेत. एकदा किल्ली हातातून गेली की त्या मागच्या सीटवर जातात आणि परत पुढे येत नाहीत. मग देवळात जायचं तर कुणाला वेळ असेल तेव्हा. मैत्रिणीकडे जायचं तर कशाला जायचंय हे आधी सांगून. वहिनीला हे कळलं नसेल असं नाही. ती मोदकाचा शेवटचा तुकडा चिमटीत धरून बसली होती.

तेवढ्यात अण्णा बोलला. “वाद कशाला? तपासून बघू.”

दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. दुसऱ्या घरात आरडाओरडा झाला असता, रुसवेफुगवे झाले असते, कुणीतरी उपाशी झोपलं असतं. आमच्या घरात एका बाईनं चाळीस वर्षं गाडी चालवल्यावर तिचं इन्स्पेक्शन ठरलं. गाडीला ट्रॉली जोडायची आणि दोन पिंपांच्या मधून ती मागे घ्यायची. तीन संधी. जमलं तर ऑस्ट्रेलिया. नाही जमलं तर तिकिटं रद्द आणि गाडीची किल्ली कायमची मकरंदकडे.

“शब्द देतेस?” मकरंदनं विचारलं.

“दिला,” वहिनी म्हणाली. मी टेबलाखालून तिला पाय मारला, तो अमृताला लागला.

अण्णाचा कारखान्यातला जुना दोस्त गुरुप्रसाद याची देवनहळ्ळीला जमीन आहे. पूर्वी तिथं द्राक्षं होती. आता लेआउट पडलाय: डांबरी रस्ते आहेत, दिव्याचे खांब आहेत, घरं मात्र एकही नाही. गुरुप्रसादकडे जीप आहे आणि तिला जोडायची दोन चाकांची ट्रॉलीही. त्या रिकाम्या रस्त्यांवर वहिनीनं सराव सुरू केला. मी दगडावर बसून बघायची.

आता यातली मेख अशी, की ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ट्रॉली वळायला लागली की लगेच उलटं फिरवून तिच्या मागे मागे जावं लागतं. क्षणभर उशीर झाला की जीप आणि ट्रॉली एकमेकींकडे पाठ फिरवून रुसल्यासारख्या आडव्या होतात. “स्वल्प डावीकडे वहिनी, स्वल्प... सरी, सरी, बरोबर... अय्यो!” गुरुप्रसाद ओरडायचा. वहिनी उतरायची, घाम पुसायची, पुन्हा बसायची. आठवडे गेले. तिला जमलं नाही. कधीमधी एकदा जमायचं, ते का जमलं हे तिलाही कळायचं नाही.

परीक्षेच्या रविवारी मकरंद आणि अमृता आले. अण्णानं मोजपट्टीनं मोजून पिंपं ठेवली. गंमत म्हणजे त्यानं कपडे कारखान्यात जाताना घालायचा तसे घातले होते, खिशाला पेनसुद्धा.

पहिल्या खेपेला ट्रॉली रस्ता सोडून गवतात गेली. दुसऱ्या खेपेला आडवी झाली. तिसऱ्या खेपेला ती छान सरळ मागे येत होती. मी दगडावरून उठले, अमृतानं माझा हात धरला, आणि शेवटच्या हातभर अंतरावर उजवं पिंप धाडकन पडलं आणि गडगडत गटारापर्यंत गेलं.

अण्णा पिंपापाशी जाऊन वाकून उभा राहिला, जणू त्यालाच काही विचारायचं होतं.

तुम्हाला वाटेल, मग मकरंदनं करून बघितलं आणि त्यालाही जमलं नाही. तसं काही झालं नाही. तो जीपमध्ये बसला आणि दुसऱ्या खेपेला त्यानं ट्रॉली पिंपांच्या बरोबर मध्ये नेऊन उभी केली. उतरून म्हणाला, “बघ आई. एवढंच होतं.”

“छान जमलं तुला,” वहिनी म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली.

त्यानं हात पुढे केला. वहिनीची पर्स काखेत होती, किल्ली पर्समध्ये होती. ती हलली नाही.

“शब्द दिला होतास.”

“दिला होता. परत घेते.”

“म्हणजे?”

“म्हणजे शब्द माझा होता. तो मी द्यायलाच नको होता. मी नापास झाले, मला मान्य आहे. मकरंदा, तुझ्यासारखं मला मागे घेता येत नाही आणि येणारही नाही. पण माझी परीक्षा घ्यायची हे कुणी ठरवलं? तुला शाळेत सोडत होते तेव्हा कुणी पिंपं लावली होती? तुझ्या आजोबांना नेलं तेव्हा? तेव्हा सगळे डोळे मिटून बसत होतात ना माझ्या गाडीत? मी सहासष्ट वर्षांची आहे. माझे डोळे चांगले आहेत, हात चांगले आहेत. ज्या दिवशी ते चांगले नसतील त्या दिवशी किल्ली मीच आणून देईन, तुला मागावी लागणार नाही. तोवर माझ्याकडे हात पसरायचा नाही.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. वाजवल्या नाहीत, एवढीच काय ती माझी सभ्यता.

अण्णाला दोघांच्या मध्ये उभं राहवेना. तो घसा खाकरून म्हणाला, “हे बघा, आमच्याकडे असं असायचं, की एखादा भाग मापात थोडा चुकला, पण चालण्यासारखा असला, तर कन्सेशनवर पास करता यायचा. म्हणजे सवलत देऊन. तसं करू.”

वहिनी त्याच्याकडे वळली. मकरंदवर चिडली नव्हती ती आता चिडली. “मला सवलत नको. मी तुमच्या कारखान्यातला भाग नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसणार आहात की नाही, तेवढं सांगा. नसाल बसणार तर श्यामलाताई बसतील.”

मी तयारच होते. अण्णानं माझ्याकडे बघितलं, पडलेल्या पिंपाकडे बघितलं.

“बसणार,” तो म्हणाला.

“ऑनेस्टली, आई,” अमृता म्हणाली, “मला हे सगळं पहिल्यापासूनच खूप ऑकवर्ड वाटत होतं.” मकरंदनं तिच्याकडे असं बघितलं की परतीच्या वाटेत त्यांच्या गाडीत काय झालं असेल ते मला कळलं. तो आईला एवढंच म्हणाला, “मी विमानतळावर सोडायला येणार नाही.” आला नाहीच. त्या दोघांना टॅक्सीत बसवून मीच निरोप दिला. घरच्या गाडीची किल्ली वहिनीनं पर्समध्ये घालून ऑस्ट्रेलियाला नेली. गाडी दारात धूळ खात उभी राहिली. कुणी विचारलं तर मी सांगायची, मालकीण परगावी गेलीय.

ती दोघं तिकडे कशी राहिली हे फोनवर कळायचं. वहिनी सांगायची, रस्ता दिसतो तेवढा सरळ आहे. समोरून मालाचे ट्रक येतात ते आगगाडीएवढे लांब, गेले की आपलं घर अख्खं हलतं. कांगारू संध्याकाळी रस्त्यावर येतात, म्हणून ऊन उतरायच्या आत मुक्काम करायचा. कुबर पेडी नावाच्या गावात लोक जमिनीखाली घरं करून राहतात, तिथं तिनं पिठलं केलं आणि शेजारच्या गोऱ्या बाईनं दोनदा मागून खाल्लं. आणि कॅरव्हॅनच्या तळावर एका बाजूनं शिरून तसंच पुढे दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायच्या जागा असतात, तशी आधीच सांगून घेतली की झालं. “श्यामलाताई, इथं सगळं पुढेच जायचं असतं हो,” ती म्हणाली. मला बरं वाटलं. मकरंदला ती रोज एक फोटो पाठवायची. तो उत्तराला वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवायचा, शब्द लिहायचा नाही.

मागे घ्यायची वेळ एकदाच आली. हे मला अण्णानंच सांगितलं, तेही आपण होऊन. एक कोरडं सरोवर बघायला ती दोघं मोठा रस्ता सोडून मातीच्या वाटेला लागली. बरंच आत गेल्यावर वाटेत फाटक होतं आणि ते बंद होतं. दोन्ही बाजूंना भुसभुशीत वाळू. वळवायला जागा नाही, चक्कर मारायची तर देश संपेल.

अण्णा उतरला. माश्यांसाठीची जाळी टोपीवरून ओढून मागे जाऊन उभा राहिला आणि हात करायला लागला. डावीकडे. नाही, उजवीकडे. थांब. कॅरव्हॅन आडवी झाली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, पुन्हा आडवी. वहिनीनं ब्रेक ओढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“तुम्ही आत येऊन बसा.”

“मग मागे कोण बघणार?”

“मागे आहे काय? बघा की एकदा वळून.”

अण्णा वळला. लाल माती होती, गुडघाभर झुडपं होती, आणि त्यांच्यावर आभाळ. पिंपं नव्हती, खांब नव्हता, ताटं घेतलेले शेजारी नव्हते. धडकायचं म्हटलं तरी धडकायला काही नव्हतं. तो म्हणाला, “श्यामले, मी जन्मभर काय शोधत होतो तेच मला क्षणभर कळेना.” मग तो येऊन शेजारी बसला, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले.

वहिनीनं गाडी मागे घेतली. वाकडी घेतली. आडवी झाली की पुढे जाऊन सरळ केली, पुन्हा मागे. ऊन माथ्यावरून कलंडलं. बरीच झुडपं आडवी झाली. तो एक शब्द बोलला नाही, आणि हे त्याला किती जड गेलं असेल ते मी जाणते. शेवटी मागची चाकं डांबराला लागली. ती मोठ्या रस्त्यावर आली, तोंड उत्तरेकडे केलं आणि वेग धरला.

थोडं पुढे गेल्यावर अण्णा म्हणाला, “मागून आवाज येतोय.”

“येऊ दे,” वहिनी म्हणाली.

मी विचारलं, “मग? कशाचा होता?”

“बघितलं नाही,” अण्णा म्हणाला. डार्विनपर्यंत आवाज येत राहिला आणि डार्विनला कॅरव्हॅन परत करून ती दोघं विमानात बसली. माझा भाऊ, लोणच्याची बरणी उलटी करणारा माझा भाऊ, एक आवाज अर्धा देशभर ऐकत गेला आणि उतरला नाही. मला भरून आलं.

परत आली तेव्हा विमानतळावर मी गेले, आणि मकरंदही आला. कुणी बोलावलं नव्हतं. नवी मोठी गाडी घेऊन आला होता. वहिनी काळीसावळी होऊन, नाकाचं साल निघालेली, ढकलगाडी ढकलत बाहेर आली. त्यानं वाकून नमस्कार केला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग तोच हात उघडून त्याच्यासमोर धरला.

“आई, अगं दमली असशील. आणि ही ऑटोमॅटिक आहे.”

“तिकडचीही तशीच होती.”

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, शिट्टीवाला हवालदार आमच्याकडेच येत होता. मकरंदनं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

तिनं सीट पुढे ओढली, आरसा आपल्याला हवा तसा केला. अण्णा तिच्या शेजारी बसला. मी आणि मकरंद मागे. किती वर्षांनी तो तिच्या मागे बसला असेल कोण जाणे. लहानपणी बसायचा तसा गुडघे जुळवून, सीटच्या कडेला. वहिनीनं गाडी काढली. कुणाला धक्का बसला नाही.

हेब्बाळ जवळ आलं तसा मकरंद चुळबुळ करायला लागला. मग पुढे वाकून म्हणाला, “आई, जरा कडेला घे ना. मागून काहीतरी आवाज येतोय.”

वहिनी काही बोलायच्या आधी अण्णाच बोलला. त्यानं मान वळवली नाही, डोळे रस्त्यावरच होते.

“येऊ दे,” तो म्हणाला.